हेल्मेटवरचा शब्द

"फोर्कलिफ्ट? ती तर मी डोळ्यांवर टेप चिकटवून चालवीन!"

भर जेवणाच्या सुट्टीत असं ठणकावून टेपवाली ऐटीत मागे सरकली आणि तिचा धक्का लागून पाण्याचं पिंप आडवं होऊन फुटलं. पाणी थेट सुपरवायझरच्या बुटांत.

नऊ वर्षं ती त्या गोदामात खोक्यांना टेप लावत होती, म्हणून टेपवाली. आता फोर्कलिफ्टवर एक जागा निघाली होती. दर रविवारी जाऊन ती रीतसर शिकली होती, लायसन्सही काढलं होतं. उरली होती सोमवारची चाचणी. ती हुकली की पुन्हा टेप, रिटायर होईपर्यंत.

सुपरवायझरने मोजा पिळत फॉर्म पुढे केला. "शेवटची ओळ नीट भर. आपण कसे आहोत ते इंग्रजीत, एका शब्दात. तोच हेल्मेटवर छापतात."

ही गोदामाची जुनी खोड. पाचही ड्रायव्हरांच्या हेल्मेटवर 'कॉन्फिडंट' होतं आणि पाचही जणांनी मधल्या खांबाला गाडी ठोकलेली होती. खांबावरचा सहावा पोचा खुद्द सुपरवायझरचा.

घरी फॉर्म टेबलावर पसरला. धाकटा दीर शाळेत इंग्रजी शिकवायचा, त्यामुळे तो खुर्ची ओढून परीक्षकासारखा बसला.

"भाऊजी, 'कॉन्फिडंट' म्हणजे नेमकं काय?"

"आपल्याला जमतंच, अशी खात्री असलेला."

"माझे तर आत्तापासून हात कापतायत. खोडा. दुसरा?"

"'डेअरिंग'. पडणार हे दिसत असताना उडी मारतो तो."

"तीन मजली रॅक आहे हो, मला उडी नाही मारायची. आणि 'ओव्हरकॉन्फिडंट'?"

"वहिनी, ते पाण्याच्या पिंपाला विचारा."

नवरा इतका वेळ नखं कापत होता. "अगं, 'हंबल' लिही. सगळ्यांना आवडतं."

"सगळ्यांना आवडत नऊ वर्षं टेप लावलीच ना!"

"राहिला 'बोल्ड'," दीर म्हणाला.

नवऱ्याच्या हातातलं नेलकटर खाली पडलं. "बोल्ड? लोक काय म्हणतील?"

"दादा, लोक काय म्हणतील हे विचारत बसत नाही, तो बोल्ड."

"हात कापले तरी चालतात त्याला?"

"शब्दाची काही हरकत नाही, वहिनी."

"मग आणा पेन."

सोमवारी सुपरवायझरने फॉर्म नाकाजवळ नेला. "बोल्ड? बाईमाणसाला शोभतं का? 'केअरफुल' करून टाक."

"केअरफुल तुम्ही करा साहेब. खांबाला तुमचा पोचा आहे."

मागे पाचही कॉन्फिडंट एकदम खोकले. सुपरवायझरचे कान लाल झाले. "बघूच! चढ. वरच्या रॅकवर खोक्यांचं पॅलेट, खांबाच्या बाजूने. एक ओरखडा दिसला तर उद्यापासून टेप."

टेपवाली चढली. हात इतके कापत होते की स्टिअरिंगच तिला धरून आहे असं वाटावं. "मॅडम, खांब सरकवू का जरा?" कोणीतरी ओरडलं. तिने मान वळवली नाही. इंच इंच करत ती खांबाजवळून गेली, पॅलेट उचललं, वर चढवलं, अलगद टेकवलं आणि तशीच उलटी परत आली. खांबाला सातवा पोचा पडला नाही.

सुपरवायझर खांबाभोवती दोन फेऱ्या मारून आला. काहीच सापडलं नाही, तेव्हा दात-ओठ खात त्याने सही केली. लगेच ऑफिसातून छापून हेल्मेट आलं, त्यावर ठसठशीत 'बोल्ड'. टेपवालीने ते तिथेच सीटवर बसल्या बसल्या डोक्यावर चढवलं, पाचही जणांकडे एकदा नीट बघून घेतलं आणि खाली उतरली.

हँडब्रेक ओढायचा राहिला होता. फोर्कलिफ्ट उतारावरून सावकाश मागे गेली आणि पाण्याचं पिंप आडवं झालं. ते नवीन होतं, सकाळीच आणलेलं.