काटेवाल्याची दाढ

आजोबांनी आणि काटेवाल्याने धंदा एकत्रच सुरू केला होता. खाणीतून निघालेल्या ट्रकमधला कोळसा वाटेत उतरवायचा आणि तेवढ्याच वजनाचे दगड भरून ट्रक पुढे सोडायचा. वजनकाट्यावर तो बसायचा, म्हणून त्याला हे नाव पडलं. पुढे दोघांचं बिनसलं आणि त्याने आजोबांना गोळी घातली. बाबांनी त्याच्या भावाला संपवलं. मग त्याने बाबांना संपवलं. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो आणि पुढची पाळी माझी होती.

आईने मला त्यासाठीच वाढवलं. दूध, व्यायाम, नेमबाजी, कशातही कसूर केली नाही. अडचण एकच निघाली. रक्त दिसलं की मला घेरी येते. आईने मला चार डॉक्टरांना दाखवलं आणि मग नाद सोडला. धाकट्या बहिणीकडे या गडबडीत कुणाचं लक्षच नव्हतं. ती निवांत शिकली आणि दातांची डॉक्टर झाली. आता मी तिच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर नंबर लावतो आणि आई शेजारी विणत बसते.

एका सकाळी तिथे काटेवाला आला. गाल सुजून टम्म, बरोबर दोन आडदांड माणसं. आईने त्याला वीस वर्षांनी पाहिलं, पण विणकाम लगेच खाली ठेवलं. इतर डॉक्टरांचे हात आपल्याला बघूनच थरथरतात, असं तो सांगत होता. एकाने तर घाबरून किडका सोडून चांगला दात उपटला होता. आमच्या घरातलं कुणी आपल्याला घाबरणार नाही, एवढा त्याला विश्वास होता.

तो खुर्चीत आडवा झाला तशी आई आत गेली. मीही मागोमाग गेलो.

"भुलीचं इंजेक्शन देऊ नकोस," आई म्हणाली.

"आई, तो पेशंट आहे. बाहेर बस."

"तुझ्या बापाला कुणी भूल दिली होती?"

बहिणीचा हात थांबला. काटेवाल्याने डोळे मिटून घेतले, पण तोंड उघडंच ठेवलं. मग बहिणीने इंजेक्शन दिलं. जरा जोरात दिलं असावं, कारण त्याचे पाय उचलले गेले. पुढचं मला सांगता येणार नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो.

दाढ निघाल्यावर त्याच्या तोंडात कापूस आला आणि तासभर बोलू नका अशी ताकीद मिळाली. आईने आपली खुर्ची ओढून त्याच्यासमोर मांडली. वीस वर्षं घोकलेलं तिने शांतपणे बोलायला सुरुवात केली. त्या दिवशी बाबा अंघोळीचं पाणी तापत ठेवून कसे गेले, नंतर शेजारणी कशा यायच्या बंद झाल्या, सगळं. त्याच्या बधिर ओठातून लाळ गळत होती. आईने बोलता बोलताच त्याला रुमाल दिला. एकदा त्याने काही सांगायला तोंड हलवलं.

"कापूस पडेल," आई म्हणाली. "गप्प बसायचं. डॉक्टरांनी सांगितलंय."

त्याच्या अजून तीन दाढा किडलेल्या होत्या. पुढच्या गुरुवारचा पहिला नंबर आईने स्वतः लिहून दिला. तो आला, त्याच्या पुढच्या गुरुवारीही आला. दुसऱ्या वेळेपासून माणसं बाहेर गाडीतच थांबायला लागली.

चौथ्या दाढेच्या वेळी आईचं बोलणं दहा मिनिटांत आटपलं. उरलेला वेळ दोघं नुसती बसली. तास भरला तसा काटेवाल्याने कापूस काढला आणि उठला.

"सूनबाई, तुझा नवरा लहानपणी माझ्या खांद्यावर झोपायचा," तो म्हणाला आणि गेला.

त्या माणसाला खोटं बोलायची सवयच आहे, असं आईने मला बजावलं. सुया हातात घेतल्या, पण टाका काही पडेना.

"खरं असेल का रे?" तिने थोड्या वेळाने विचारलं.

मला काय माहीत. मी पुढचा नंबर पुकारला.