मान हलवायला काय लागतं

“मेट्रनबाई, यांची सकाळची प्रेशरची गोळी राहिलीय. आत्ता दोन एकदम देऊ का? सांगा ना लवकर!”

जजसाहेबांच्या पत्नी तळहातावर दोन गोळ्या घेऊन त्याच्या आईकडे पाहत होत्या. बोट दुपारपासून डुलत होती. सूप संपता संपता जजसाहेब पांढरेफटक पडले आणि टेबलावरच भडाभडा ओकले. आजूबाजूचे सगळे खुर्च्या सारून उठले. तोही उठला, नवी पँट सांभाळत. आई तेवढी पुढे गेली. तिने त्यांचं कपाळ धरलं, तोंड पुसलं, वेटरला “बादली आण रे” म्हणून फर्मावलं आणि गुडघ्यांवर बसून फरशी पुसायला घेतली.

मेट्रन ही त्याचीच करणी. पाणीपुरवठा खात्यातल्या या हेडक्लार्कला आयुष्यात पहिल्यांदा सोडतीत बक्षीस लागलं, तेही दोन माणसांची बोटीची सफर. बायकोला बादलीतलं पाणी हललं तरी मळमळायचं, म्हणून आई आली. आपल्या भाषेची माणसं म्हणून जजसाहेब आणि त्यांच्या पत्नीबरोबर एकच टेबल मिळालं. “आई काय करायच्या?” असं बाईंनी पहिल्याच जेवणाला विचारलं. “हॉस्पिटलात होती,” इथवर तो खरं बोलला. “मेट्रन का?” हे त्यांनीच विचारलं आणि याने मान हलवली. मान हलवायला काय लागतं! आई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली आणि मग पाव मोडायला लागली. पुढे चार दिवस ती टेबलावर हूं की चूं बोलली नाही. त्याला बरंच वाटलं होतं.

एकतीस वर्षं ती वॉर्डात आया होती. तिच्या हातांना फिनाइलचा वास यायचा. शाळेत डबा द्यायला आली की हा तिला फाटकाबाहेरच गाठायचा.

आताही तिने खालूनच वर पाहिलं, बाईंकडे नाही, त्याच्याकडे. एवढंच बोलायचं होतं, की बाई, मी खोटं सांगितलं. तो पँटवर काही उडालंय का ते बघू लागला. बाईंनी गोळ्या नवऱ्याच्या ओठांशी नेल्या.

“थांबा!” आईने त्यांचं मनगट धरलं. “काही देऊ नका. मी मेट्रन नाही हो. आया होते. बेडपॅन द्यायचे, फरशा पुसायचे. गोळ्यांतलं मला ओ की ठो कळत नाही. डॉक्टरला बोलवा.”

“अहो, पण हे तर म्हणाले...”

“तो लहान होता तेव्हा. त्याला काय ठाऊक!”

बावन्न वर्षांचा तो लहान मुलगा टक्कल पुसत उभा राहिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. बोटीवरचा डॉक्टर आला. प्रेशर आधीच खूप खाली गेलंय, त्या गोळ्या पोटात गेल्या असत्या तर अवघड होतं, असं तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई त्याला डेकवर भेटल्या. साहेबांना आता बरं होतं.

“आम्ही खिडकीजवळचं टेबल घेतलंय. आईंना तिकडे जेवायला पाठवा. साहेबांना त्यांचे आभार मानायचेत.” मग जाता जाता म्हणाल्या, “फक्त आईंना.”

“सांगतो,” तो म्हणाला.

सांगायचं तर “फक्त” कशाला, तेही सांगावं लागणार होतं. दुपारी जेवायला बसेपर्यंत त्याच्याने ते झालं नाही. समोरच्या दोन खुर्च्या वेटरने काढून नेल्या होत्या.

“माझ्यामुळे उठून गेले ना रे?” आईने हळूच विचारलं.

तो मेनूकार्ड वाचू लागला.

“आया म्हटल्यावर कोण बसेल शेजारी? तुझी उगीच शोभा झाली. उद्यापासून मी खोलीतच जेवत जाईन. तू बस इथे. चार ओळखी होतील.”

खिडकीजवळ बाई उभ्या राहून हात हलवत होत्या, बोलावत होत्या. जजसाहेबांनी शेजारची रिकामी खुर्ची थोडी बाहेर ओढून ठेवली होती. आईची पाठ तिकडे होती.

“बघू,” तो म्हणाला.

आईने मान डोलावली आणि टेबलावर सांडलेला पावाचा चुरा तळहातावर गोळा करू लागली, आधी स्वतःच्या बाजूचा, मग त्याच्या.