बोट ठेवलं तरी कांदाच

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर आमचे हेडसर पुन्हा आठ दिवस रुसतील, आणि रुसलेल्या माणसाबरोबर दोन शिक्षकांची शाळा चालवणं काय असतं ते माझं मला माहीत. चारठाण्याच्या अलीकडं एक फाटा फुटतो, तिथून आत आमची जिल्हा परिषदेची शाळा, एवढं पुरे. हेडसर म्हणजे शिवलिंग अप्पा. आणि चौथीला मी, सुकेशनी. राग माझ्या नाकावर असतो म्हणतात. असतोच. पण ज्या दिवशी यायला पाहिजे होता त्या दिवशी मेला आला नाही, त्याचीच ही गोष्ट.

झालं असं, की तालुक्याला एक डिजिटल सूक्ष्मदर्शक आला. वायरनं लॅपटॉपला जोडायचा, लॅपटॉप टीव्हीला जोडायचा, की मुंगीचा पाय टीव्हीभर दिसतो. तो पंधरा-पंधरा दिवस एकेका शाळेत फिरणार, शेवटच्या दिवशी विस्तार अधिकारी मॅडम पाठ बघणार, आणि जिथं पोरं स्वतः प्रश्न विचारून, स्वतः करून बघून शिकतात, त्या शाळेला तो वर्षभर मिळणार. यादीत आमची शाळा शेवटची. म्हणजे निकाल आमच्याच वर्गात लागायचा होता.

मला तो पाहिजे होता. लय पाहिजे होता. पंधरा दिवसांत माझी पोरं पार बदलून गेली. कापसावरची पांढरी माशी आणली, शेंगेचं टरफल आणलं, खिचडी शिजवणाऱ्या चांगुणाबाईच्या डब्यातून डाळीतला किडा पळवला. निकितानं तर धाकट्या बहिणीच्या डोक्यातली ऊ आणली. टीव्हीवर ती रेड्याएवढी ऊ बघून सगळा वर्ग डोकं खाजवायला लागला. मीसुद्धा. तेवढ्यात अप्पा आत आले आणि निकितानं त्यांना विचारलं, "सर, उवेला उवा व्हत्यात का?"

अप्पांनी कॉलर नीट केली. "हे अभ्यासक्रमात न्हाई," म्हणाले आणि निघून गेले. तेव्हापासून त्यांनी त्या पोरीची धास्तीच घेतली.

माणूस वाईट नाही हो. पण वीस वर्षं शाळेचं गॅदरिंग बसवलंय, त्यामुळं समोर जे येईल ते बसवायचं, एवढंच कळतं. मॅडम येणार म्हणल्यावर त्यांनी पोरांचं कुतूहलसुद्धा बसवायला घेतलं. कांद्याच्या पापुद्र्यावर आठ प्रश्न काढले, आठ उत्तरं काढली. खोटं कशाला बोलू, कागदावर अक्षर माझंच होतं. मग पोरांना नंबर दिले. "प्रश्न विचारताना भुवया वर! आश्चर्य दिसलं पाहिजे!" तीन दिवस तालीम चालली. जीवन नावाचं पोरगं खिचडी खातानाही भुवया वर ठेवायला लागलं, तेव्हा चांगुणाबाईनं मला विचारलं, "बाई, ह्याला काय झालंय?"

त्यात त्या सूक्ष्मदर्शकाची वायर ढिली. जरा हलली की चित्र गायब. मग अप्पांनी आदल्या दिवशी दुपारी कांद्याच्या पापुद्र्याचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं आणि पेन ड्राइव्ह टीव्हीच्या मागं खोचला. "उद्या सूक्ष्मदर्शक नुसता समोर ठिवायचा. टीव्हीवर हे चालू द्यायचं. आवाज तेवढा बंद ठेवा. कुणाला कळतंय?" निकिताला मागं बसवायला तर त्यांनी कांदा भिंगाखाली असतानाच सांगितलं होतं. मी बसवली. पाण्याच्या पिंपाजवळ, एकदम शेवटी. "उद्या काही विचारायचं नाही," असंही बजावलं. पोरीनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी माधवी मॅडम स्कूटीवरून आल्या. हेल्मेट काढलं, पाणी प्याल्या, खुर्ची मागं घेऊन बसल्या. पाठ सुरू झाला. टीव्हीवर कांदा झकास दिसत होता. पहिला नंबर उठला, भुवया वर, प्रश्न, उत्तर. दुसरा उठला, तेही झालं. तिसरा नंबर दत्ताचा, आणि दत्ता मामाच्या साखरपुड्याला सेलूला गेलेला! वर्ग थांबला. अप्पांनी खोकून खूण केली, तशी चौथ्या नंबरची पोरगी उठली. "सर, कांदा कापताना डोळ्यांत पाणी का येतं?"

ज्याला तिसरं उत्तर पाठ होतं तो ताडकन उभा राहिला. "कारण त्या पेशी विटांसारख्या एकमेकींना चिकटलेल्या असतात!"

मॅडमनी डायरीत काहीतरी लिहिलं. बाकीचे प्रश्न कसेबसे संपले आणि मॅडम म्हणाल्या, "आता आणखी कुणाला काही विचारायचंय?"

"मॅडम, मला."

आवाज मागून नाही, पुढून आला. सगळे टीव्हीकडं बघत होते तेवढ्यात निकिता भिंतीकडंनं सरकत सरकत टेबलापाशी आली होती. "मी भिंगाखाली बोट ठिवलंय. तरी टीव्हीत कांदाच दिसायलाय. का?"

अप्पा टेबलाला धरून उभे राहिले. मॅडम पुढं वाकल्या. "तुला काय वाटतं?"

"माझ्या बोटाला कांद्याचा वास हाय. म्हणून असंल."

"मग बघ की करून."

तिनं जीवनचं बोट हुंगून बघितलं. कांद्याचा वास नव्हता. ते ठेवलं. टीव्हीत कांदा. पेनचं टोपण ठेवलं. कांदा. भिंगावर तळहात दाबला. कांदा जागचा हलेना. आता नंबरवाली पोरं नंबर विसरून टेबलाभोवती गोळा झाली, एकमेकांना ढकलायला लागली. "वायर काढ गं, वायर!" वायर काढली. कांदा तसाच, उलट जास्तच चमकायला लागला म्हणा ना.

"म्हंजी कांदा हितं न्हाईच!" जीवन ओरडला. त्याच्या भुवया आता खऱ्याच वर गेल्या होत्या. "कांदा टीव्हीतच हाय!" आणि त्यानं रिमोट उचलून सापडेल ते बटण दाबलं.

आवाज सुरू झाला. अप्पांचा. "ती निकिता तेवढी मागं बसवा, बाई. लय प्रश्न इचारती." आणि मग माझा, अगदी गोड, घरी कधी निघत नाही असला. "बसवते, सर."

अप्पा पंख्याकडं बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निकितानं अप्पांकडं बघितलंच नाही. ती माझ्याकडं बघत होती.

मॅडमनी शेरेबही मागवली. बराच वेळ लिहिलं आणि वाचून दाखवलं. "आठ प्रश्न पाठ होते. नववा नव्हता. त्याचं उत्तर मुलांनी स्वतः शोधलं. सूक्ष्मदर्शक याच शाळेत राहावा. पेन ड्राइव्ह मी सोबत नेत आहे."

पोरांनी जो गलका केला, तो चारठाण्यापर्यंत गेला असेल. अप्पा हळूच म्हणाले, "मॅडम, त्यात आमच्या मेव्हण्याच्या लग्नाचे फोटू हायेत." मॅडम म्हणाल्या, "बघते की." आणि गेल्या.

सगळे खूश झाले. मी नाही. रात्रभर ते "बसवते, सर" कानात वाजत राहिलं.

सकाळी निकिताला सगळ्यांत पुढं बसवलं. ती बसली, दप्तर ठेवलं आणि विचारलं, "बाई, तुमी 'बसवते' का म्हणाल्या?"

तोंडाशी दहा उत्तरं आली. सगळी अप्पांनी बसवल्यासारखीच. मग म्हणलं, "वही काढ. आपण लिहितो तसं लिही."

प्रयोगाच्या वहीत आमचे चार रकाने असतात. तिनं मुंडी खाली घालून लिहिलं.

प्रश्न: बाई बसवते का म्हणाल्या?

अंदाज: बाई सरांना भेत्यात.

करून बघितलं: बाईंना विचारलं.

चौथ्या रकान्यापाशी ती थांबली. काय दिसलं? पेन्सिल दातात धरून तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, चांगलं निरखून, भिंगाखालच्या उवेकडं बघितलं होतं तसं. मग लिहिलं, 'खरं हाय.'

आणि वही माझ्यापुढं सरकवली. मी लाल पेन घेतला आणि खाली बरोबरची खूण केली.