धुतलेला झगा

नदीवरून परतताना बसमध्ये कुणी गात नव्हतं. सकाळी निघताना एकाच वेळी तीन वेगळे सूर लावून भजनं म्हणणारी हीच मंडळी आता खिडक्यांना डोकी टेकून बसली होती. बेथलेहेमचा चढ बस कण्हत चढत होती.

लामारा मावशीचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि मांडीवर पिशवीत ओला पांढरा झगा. त्या झग्यासाठीच ती आली होती. यार्देन नदीत ज्या झग्यात बुडी मारायची, तो न धुता वाळवून पेटीत ठेवायचा आणि शेवटी तोच अंगावर घालून मातीत जायचं, हे आमच्या गावी, कुताइसीत, घरच्या बायकांचं ठरलेलं. मावशीच्या हृदयाची झडप नीट मिटत नाही. डॉक्टरांनी विमानप्रवासाला नको म्हटलं, तेव्हा तिने त्यांनाच विचारलं होतं, "मग मी काय तुमच्या इस्पितळाचा गाऊन घालून जाऊ?"

नाझरेथ, कफर्णहूम, जुनी सभास्थानं, सगळीकडे ती बसमध्येच बसून राहिली. "दगडं तुम्ही बघा, मला नदीला उठवा," म्हणायची.

खोलीवर आल्यावर मी बुटांसकट आडवी झाले. जाग आली तेव्हा ऊन कलंडलं होतं आणि खिडकीच्या दांडीवर दोन झगे टांगलेले होते. पांढरेशुभ्र. खोलीभर खाकी साबणाचा वास होता. मावशी न्हाणीघरातल्या स्टुलावर बसली होती, बाह्या दुमडलेल्या, हात मांडीवर.

"धुतले गं," ती म्हणाली. "तुझाही."

मी उठून झग्यांना हात लावून पाहिला.

"निथळायला बादलीत टाकले, चिखलाचं कापड दिसलं. हात गेले. पिळताना लक्षात आलं."

मावशीची सगळी नोकरी इस्पितळाच्या धुलाईघरात गेली. परगावी जातानाही साबणाची वडी तिच्या खिशात असते.

समोरच्या खोलीतली गुलिको कात्री मागायला आली आणि खिडकीकडे बघत दारातच थबकली. तिने छातीवर क्रूस काढला.

"अगं, हिच्या हातातून साबण काढून घ्या कुणीतरी. स्वर्गात गेली तर देवदूतांचे पंख भिजत घालेल ही."

एरवी मावशीने तिला दारातूनच पळवलं असतं. आज ती नुसती बसून राहिली. मग गुलिको आमच्याबरोबर आलेल्या फादर झोसिमेंना बोलवायला गेली.

फादर मोजे घालूनच आले. त्यांचेही पाय सुजले होते. ते पलंगाच्या कडेवर टेकले.

"लामारा, बुडी तू मारलीस. कापडाने नाही."

"मग धुवायचं नाही असं कशाला सांगता?"

"मी कुठे सांगितलं? तुम्ही बायकाच एकमेकींना सांगता."

"परत नदीवर..."

"उद्या जेरुसलेम, परवा विमान. बस आता तिकडे जाणार नाही."

मावशीने मान हलवली. हट्ट करायचंही तिच्यात त्राण उरलं नव्हतं. फादर गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं. मी तिबिलिसीत पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते.

"तू पाण्याचं शिकलीस. काही राहिलं असेल का त्यात?"

तिला खोटं सांगावंसं वाटेना. मी झग्याची किनार उजेडात धरली. "बारीक गाळ धाग्यांत अडकतो. शिवणीत तर राहतोच. एका धुण्यात सगळा निघत नाही."

"दुसऱ्या कुणाच्या धुण्यात," मावशी म्हणाली. "मी शिवणी उलटून घासते."

रात्रीचं जेवण तिने तसंच ठेवलं. मी आग्रह केला नाही.

सकाळी मात्र तीच म्हणाली, "झगा घे." तो अजून दमट होता.

प्रभूच्या कबरीच्या त्या मोठ्या चर्चमध्ये दारातून आत शिरलं की समोरच लांबट शिळा आहे. क्रूसावरून उतरवलेल्या देहाला इथेच सुगंधी द्रव्यं लावली असं मानतात. शिळेवर तेल ओतलेलं असतं आणि बायका गुडघे टेकून ते रुमालांनी टिपून घेतात. आम्ही मावशीला धरून खाली बसवलं. गुलिकोने दोन्ही कोपरं बाहेर काढून गर्दी अडवली.

मावशीने झगा शिळेवर पसरला आणि दोन्ही तळवे त्यावर दाबले. क्षणभर मला भीती वाटली, ही घासायलाच लागेल. पण ती नुसती दाबून राहिली. झग्याच्या छातीपाशी तेल वर आलं, पिवळसर, हळूहळू पसरत गेलं. मागून कुणीतरी पुढे सरका म्हणत होतं. ती उठू शकेना. आम्ही दोघींनी तिला उचललं.

बाहेर अंगणातल्या पायरीवर ती टेकली. झगा उलगडून तिने डाग अंगठ्याने चोळून पाहिला, मग हुंगला.

"तेल आहे. त्यात मेणबत्त्यांची काजळी. हे निघत नाही."

"तुझ्या हातूनही?"

तिने खरंच विचार केला. "उकळलं तर फिकं होईल थोडं."

मग तिने झग्याची घडी घातली, डाग आत घेऊन, आणि तो स्वतःच्या पिशवीत न ठेवता माझ्या पिशवीत सरकवला. खिशातून कागदात गुंडाळलेली साबणाची वडी काढून तीही माझ्या हातात दिली.

"दोन्ही तुझ्याजवळ ठेव," ती म्हणाली. "बस कुठे उभी केलीय ड्रायव्हरने? लांब नाही ना?"