पुजलेली सत्तावीस नंबर

कपड्याला कसली आलीय कहाणी, असं तुम्हाला वाटेल, मित्रांनो. पण कपडा माणसाच्या पाठीला चिकटून असतो, आणि तोंड काय बोलतं याच्याशी पाठीचं काही देणंघेणं नसतं. तोंड म्हणतं, "मला काय फरक पडतो," आणि त्याच क्षणी पाठ घामानं चिंब होते. मी दहा वर्षं एकाच पाठीवर काढली. कोण काय बोललं आणि तेव्हा पाठ काय म्हणाली, याची माझ्याकडे पक्की नोंद आहे.

मी एक जुनी हॉकी जर्सी. गवतावरच्या हॉकीची नव्हे, बर्फावरच्या. रंग गर्द निळा, छातीवर लून या पाणपक्ष्याचं चित्र, कारण आमच्या संघाचं नाव लून्स. पाठीवर सत्तावीस हा आकडा आणि त्याच्या वर एकच नाव, आमच्या संघातल्या एका तरण्या खेळाडूचं, डॉकरिल.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझी पाठ कोरी होती. नाव चढवलं कॅनडातल्या किचनर शहरातल्या एका मॉलमधल्या पोर्तुगीज आजीनं. तोंडात टाचण्या धरून ती एकेक अक्षर शिवत होती. हा डॉकरिल इथंच म्हातारा होईल, असं तिनं गिऱ्हाइकाला सांगितलं आणि प्रत्येक अक्षराला दुहेरी टीप मारली. तिची टीप पक्की निघाली, अंदाज कच्चा.

ते गिऱ्हाईक म्हणजे हेमचंद्र. नागपूरचा मुलगा, आधी पुण्यात आणि मग इथं सॉफ्टवेअरमध्ये. कॅनडातला त्याचा तो पहिला हिवाळा. सोमवारी ऑफिसात सगळे शनिवारच्या मॅचबद्दल बोलायचे आणि हा कॉफीच्या कपात बघत उभा राहायचा. मग एका रविवारी त्यानं मला विकत घेतलं आणि घालूनच ग्रोसरीला गेला. रांगेत मागं उभा असलेला एक अनोळखी गोरा म्हातारा म्हणाला, "गो लून्स." एवढंच. पण मित्रांनो, विमानातून उतरल्यापासून ताठ असलेली ती पाठ त्या रांगेत पहिल्यांदा सैल झाली. त्या दिवसापासून डॉकरिल त्याचा आणि तो डॉकरिलचा. डॉकरिलला याची काही कल्पना नव्हती, पण असल्या नात्यात ती लागत नाही.

पुढं माझे लाडाचे दिवस आले. दसऱ्याला हेमचंद्रची बायको रश्मी पाटावर लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि बर्फ शोव्हल करायचं फावडं मांडायची. एका वर्षी हेमचंद्रनं हळूच मलाही त्यांच्या शेजारी पालथी घातली. रश्मी हसली, पण पूजेच्या भरात तिनं माझ्यावरही हळदीकुंकू वाहिलं. नेमकं सातच्या आकड्यावर. त्याच मोसमात लून्स अंतिम फेरीत गेले. मग काय विचारता? तो डाग धुवायचा नाही, असं ठरलं, आणि दर दसऱ्याला पाटावर माझी जागा पक्की झाली.

मधली तीन वर्षं संघ सपाटून हरला. तेव्हा मी बेसमेंटमध्ये विंटर टायर्सच्या मागं एका खोक्यात पडून होते. मी मनाला लावून घेतलं नाही. हरणाऱ्या संघाची जर्सी आणि उन्हाळ्यातलं स्वेटर यांचं दैव एकच असतं.

आता यंदाचं सांगते. डॉकरिलचा करार तीस जूनला संपत होता. करार संपला की खेळाडू मोकळा, आणि एक जुलैच्या दुपारी बारा वाजता बाजार उघडतो. मग कुणीही कुणाला उचलावं. एप्रिलमध्ये डॉकरिल टीव्हीवर म्हणाला होता, "हे माझं घर आहे." हेमचंद्रनं ते वाक्य ऑफिसात ऐकवलं, दातांच्या डॉक्टरला ऐकवलं, नागपूरला फोनवर ऐकवलं. जूनचा शेवटचा आठवडा आला तरी करारावर सही नव्हती. हेमचंद्र तोंडानं म्हणायचा, "होतं असं, एजंट लोक ताणतात." पाठ मात्र रोज संध्याकाळी ओली.

एक जुलै म्हणजे कॅनडा डे. मागच्या अंगणात बार्बेक्यूवर मक्याची कणसं भाजत होती. शेजारचा सिरील आणि त्याची बायको जोन आले होते. सिरील मूळचा वसईचा, हेमचंद्रहून मोठा लून्सभक्त. तेरा वर्षांची ऊर्मी, म्हणजे हेमचंद्रची लेक, ड्राइव्हवेवर एकटीच हॉकी स्टिकनं बॉल मारत होती. आणि मेपल वृक्षाखाली घडीच्या खुर्चीत जनार्दनराव बसले होते, हेमचंद्रचे वडील. मे महिन्यात नागपूरहून आलेले. त्यांनी तिकडं तीस वर्षं मोहल्ल्यातलं हॉकी मंडळ चालवलेलं, अर्थात गवतावरच्या हॉकीचं. आमच्या हॉकीला ते 'घसरगुंडीवरची मारामारी' म्हणत, पण मॅच मात्र एकही चुकवत नसत.

पावणेबारा वाजले. कणसं उलटायचं काम हेमचंद्रकडे होतं, पण त्याचा एक हात फोनवर होता. बाराला पाच कमी. जोन लिंबू कापत होती, तीसुद्धा थांबली. बारा वाजले. काही नाही. बारा वाजून दोन मिनिटं. तरी काही नाही. हेमचंद्रनं श्वास सोडला, आणि तेवढ्यात सिरीलचा फोन थरथरला.

सिरीलनं वाचलं, चष्मा वर केला, पुन्हा वाचलं.

"गेला," तो म्हणाला.

सात वर्षांचा करार. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अशा शहरात, जिथं लोकांना बर्फ फक्त सरबतात दिसतो. मी वाट बघत होते की आता पाठ भिजेल. भिजली नाही. ती गार पडली. कणसं जळाल्याचा वास आला तरी कुणी हललं नाही.

मग सुरू झालं. सिरील म्हणाला, माणसाला जमिनीशी इमान पाहिजे. मित्रांनो, माझ्याकडे नोंद आहे म्हणून सांगते, हा गृहस्थ वसईहून मस्कतला गेला, मस्कतहून मिसिसागाला, आणि तिथून घर परवडतं म्हणून किचनरला. जोननं त्याला तेच ऐकवलं, आणि डॉकरिलला दोन लहान मुलं आहेत, त्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्या, असंही म्हणाली. सिरीलनं उत्तराऐवजी फोन पुढं केला. लोक आपापल्या जर्सी जाळतानाचे व्हिडिओ यायला लागले होते. एकेक निळी बहीण माझ्या डोळ्यांदेखत काळी पडत होती. कुणी बार्बेक्यूवर, कुणी फुटपाथवर, आणि प्रत्येक ठिकाणी मागं कुणीतरी टाळ्या वाजवत होतं.

हेमचंद्रनं ते तीनदा पाहिलं. मग त्यानं मला डोक्यावरून उपसून काढलं. आत बनियन होतं म्हणून बरं. तो अंगणाच्या कोपऱ्यातल्या शेकोटीच्या लोखंडी कुंडाकडे चालू लागला. बार्बेक्यूचं लांब नळीचं लायटर त्याच्या हातात होतं. मी कृत्रिम धाग्याची, मला पेट घ्यायला किती वेळ लागतो ते मी नुकतंच पाहिलं होतं.

"अरे थांब," रश्मी म्हणाली, "ती पुजलेली आहे."

हेमचंद्र थांबला. लायटर तसंच हातात.

पुजलेली वस्तू जाळत नाहीत, रश्मीचं म्हणणं स्पष्ट होतं. टाकायचीच तर वाहत्या पाण्यात सोडायची. सिरील म्हणाला, आमच्यात उलटं आहे. प्रार्थना केलेली वस्तू कचऱ्यात टाकायची नाही, जाळायची नाहीतर पुरायची. पाम संडेला चर्चमधून आणलेल्या झावळ्यांची आम्ही राखच करतो. म्हणजे माझ्या अंत्यविधीवर दोन धर्मांची चर्चा बसली, आणि मी कुंडावर लोंबकळत ऐकत होते. रश्मीनं ग्रँड रिव्हरचं नाव काढलं, तेव्हा आवाज ऐकून आलेली ऊर्मी म्हणाली, "आई, दॅट्स लिटरिंग. दे विल फाइन यू." आणि मग माझ्याकडे बघून, हळू आवाजात, "बाबा, डोन्ट."

हेमचंद्रनं तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानं लायटर पेटवलं. निळसर जीभ माझ्या बाहीपासून वीतभर अंतरावर होती.

"जायचं तर जा ना," तो म्हणाला. सगळ्यांना आणि कुणालाच नाही. "कोण अडवतंय? पण तोंडावर सांगून जा. घर आहे म्हणायचं, लोकांना वाट बघायला लावायचं आणि जायचं, हे नाही चालत."

जनार्दनरावांनी हातातलं अर्धं खाल्लेलं कणीस ताटलीत ठेवलं. दाढेत अडकलेला दाणा जिभेनं काढला. घाई अशी काही केली नाही.

"तुझापण शर्ट जाळायला निघाले होते पोट्टे," ते म्हणाले. "पाच नंबरचा. मी नाही जाळू दिला."

लायटर विझलं. हेमचंद्रनं विझवलं की बोट सुटलं, हे मला सांगता येणार नाही. मी त्याच्या पाठीवर नव्हते.

ही गोष्ट रश्मीलाही ठाऊक नव्हती, मला ती त्या दुपारी तुकड्यातुकड्यानं कळली. वीस वर्षांपूर्वी हेमचंद्र वडिलांच्याच मंडळातून खेळायचा. जिल्ह्याचा अंतिम सामना रविवारी होता. शुक्रवारी तो पुण्याला मुलाखतीला म्हणून गेला, रविवार सकाळपर्यंत परत येतो म्हणाला. मुलाखत आधीच झाली होती, सोमवारी रुजू व्हायचं होतं, परतीचं तिकीट काढलेलंच नव्हतं. हे त्यानं आठ दिवसांनी पत्रात कळवलं. वडिलांनी उत्तरात तब्येतीला जप म्हणून लिहिलं. सामन्याबद्दल त्यानं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. वीस वर्षं दोघं फोनवर हवामानाचं बोलत राहिले, त्या रविवारचं नाही.

हेमचंद्र कुंडाच्या कडेवर बसला. मी त्याच्या मांडीवर. शेजारच्या अंगणात कुणाची तरी पोरं पाण्याच्या फवाऱ्याखाली ओरडत होती.

"त्या दिवशी माझ्या जागी कोण खेळलं?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही. दहाच खेळले," जनार्दनराव म्हणाले. "बारावा तापानं पडला होता. मी शिट्टी होईपर्यंत तुझा शर्ट इस्त्री करून बाकावर ठेवला होता."

"तुम्ही कधी बोलला नाहीत, बाबा."

"तू विचारलं नाहीस."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच हेमचंद्रला मान वर करवेना. मग म्हाताऱ्यानं खुर्ची ओढत ओढत कुंडाजवळ आणली आणि पुढचं सांगायला घेतलं. पोरांच्या हातातून त्यांनी तो शर्ट काढून घेतला होता. शर्ट मंडळाचा आहे, कुणाच्या बापाचा नाही, असं म्हणाले होते. पोरं म्हणाली, तुम्ही तर त्याचे बापच आहात. त्यावर त्यांनी शर्ट घडी करून काखेत मारला होता. पुढच्या मोसमात तो पाच नंबर अरविंद नावाच्या एका मुलाला दिला, आणि तो त्यात सहा वर्षं खेळला.

"चांगला होता?" हेमचंद्रनं विचारलं.

"तुझ्यापेक्षा बरा," जनार्दनराव म्हणाले. सिरीलला हसू आवरलं नाही, आणि मग हेमचंद्रलाही.

रश्मीनं न सांगता शिवणाच्या डब्यातली बारीक कात्री आणून दिली. हेमचंद्र एकेक टाका उसवू लागला. जनार्दनरावांनी माझं दुसरं टोक धरलं, म्हणजे कापड ताणलेलं राहील. दुहेरी टीप, आठ इंग्रजी अक्षरं. ऊन मेपलच्या पलीकडे गेलं तरी संपेना. त्या पोर्तुगीज आजीला मी मनातल्या मनात हात जोडले. टीप एकेरी असती तर बाप आणि मुलगा अर्ध्या तासात मोकळे झाले असते. मला ताणून धरून ते चार तास बोलले. मध्येच हेमचंद्रनं त्या रविवारी खेळलेल्या मुलांतल्या एकेकाचं नाव विचारलं, आणि जनार्दनरावांनी दहाही सांगितली. कोण कुठं आहे, कोण नाही. माझा कपडा तेव्हा दोन्हीकडून थरथरत होता. कोणत्या बाजूनं जास्त, याची नोंद माझ्याकडे आहे, पण ती मी सांगणार नाही.

नाव गेलं. आकडा राहिला, कुंकवाचा डाग राहिला. हेमचंद्रनं मला ऊर्मीच्या अंगावर घातलं. मी तिच्या गुडघ्यांपर्यंत आले. तुझं नाव शिवून आणू का, असं त्यानं विचारलं.

"ब्लँक इज गुड," ती म्हणाली आणि ड्राइव्हवेकडे पळाली. जनार्दनराव घडीची खुर्ची घेऊन तिच्या मागं गेले. दोन बोटं तोंडात घालून त्यांनी शिट्टी मारली, तशी सिरीलही एक जुनी स्टिक घेऊन गोलरक्षक म्हणून उभा राहिला. दुपारी मला जाळायचं शास्त्र सांगणारा माणूस.

आता मी ऊर्मीची. आरशात पाहिलं की कळतं, अक्षरं होती तिथलं कापड उन्हानं विटलेलं नाही. दहा वर्षं झाकलेलं ते अजून नव्यासारखं निळं आहे. नीट पाहिलं तर नाव वाचता येतं. टाका उसवता येतो, मित्रांनो, तो जिथं बसला होता ती जागा उसवता येत नाही. यायलाही नको.

तुमच्याही घरी कुणीतरी गेलेल्या माणसाचा एखादा कपडा असेल. संघ सोडून गेलेल्याचा, गाव सोडून गेलेल्याचा. रागवा त्याच्यावर, तुमचा हक्कच आहे तो. पण कपडा जपा. पुढं येणाऱ्याला तो लागणार असतो. आणि गेलेला जर कधी परत येऊन विचारेल, की माझ्या जागी कोण खेळलं, तर त्याला दाखवायला तुमच्या हातात राख असू नये.