जर्मनचा पेला

नातीच्या शाळेत पहिल्या महायुद्धावर प्रदर्शन होतं, आणि नूरुद्दीनना त्याचं कोण कौतुक! दुआने निळ्या पुठ्ठ्यावर इंग्रजांचं आणि जर्मनांचं आरमार समोरासमोर उभं केलं होतं. पण खरा मान पेल्याचा. दापोलीहून जेद्दाला लेकाकडे येताना म्हाताऱ्याने तो बनियनमध्ये गुंडाळून जिवापाड जपत आणला होता.

पेल्याची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. नूरुद्दीनचे आजोबा यूनुस इंग्रज आरमाराला कोळसा पुरवणाऱ्या बोटीवर आगवाले होते; दिवसभर भट्टीत कोळसा लोटायचा. जर्मनांनी ती बोट बुडवली, पण आधी माणसं उतरवून घेतली. थरथरणाऱ्या यूनुसच्या हातात एका जर्मन खलाशाने आपला गरम कॉफीचा पेला दिला. तोच हा पेला.

दुआने कार्डावर इंग्रजीत ‘जर्मन पेला’ लिहिलं आणि सहज पेला उलटा केला. तळाला मुंबईच्या कारखान्याचा शिक्का होता.

“दादा, ये तो बॉम्बे का है,” ती म्हणाली. तिचा चेहरा पार उतरला. “आपने झूठ बोला?”

खरं सांगावं तर आजोबांना दिलेला शब्द मोडतो, गप्प राहावं तर नातीच्या लेखी आपण कायमचे खोटे. सून सादिया सारवासारव करू लागली, तिला नूरुद्दीननी हातानेच थांबवलं.

त्यांनी दुआला जवळ बसवून सगळं सांगितलं. यूनुस परतले ते नेसत्या कपड्यांनिशी; पेला तिकडेच राहिला. घरी आल्यावर तापात सारखे बरळायचे, जर्मनचा पेला द्या. आता ॲल्युमिनियमलाही आपल्याकडे जर्मनच म्हणतात. त्यांची बायको सफूरा बिचारी भर उन्हात बाजारापर्यंत चालत गेली आणि जर्मनचा पेला घेऊन आली.

“त्यांनी सांगितलं का नाही, हा तो नाही म्हणून?” एरवी हिंदी-इंग्रजीत बोलणाऱ्या दुआने चक्क मराठीत विचारलं.

“कसा सांगनार? ती उनातून चालत गेलती. जल्मभर त्याच पेल्यात चाय प्याला. मला म्हनाला, आजीला कदी कलू देव नको.”

सादियाने नवं कार्ड पुढे केलं, पण दुआने ते घेतलं नाही. शिक्का खाली जाईल असा पेला दोन्ही आरमारांच्या मधोमध ठेवला आणि जुनंच कार्ड त्याला टेकवलं.

“राहू दे,” ती हळूच म्हणाली. “नाहीतर सफूरादादीला कळेल.”