लाल्याच्या पाठीवरचा मराठवाडा

मित्रांनो, मी एक जुना नकाशासंग्रह आहे. औशाच्या एका वाचनालयात सगळ्यात खालच्या फळीवर माझा मुक्काम असतो. लातूर जिल्हा वेगळा होण्याआधी मी छापला गेलो. त्यामुळे माझ्यात औसा होतं, पण उस्मानाबाद जिल्ह्यात. पुढे पुढे मुलं लातूर जिल्हा शोधत आणि सापडला नाही की तोंड वाकडं करून मला मिटत.

एके काळी माझा काय थाट होता! गुरुजी मला दोन्ही हातांनी उचलून टेबलावर उघडत आणि सगळी डोकी माझ्यावर वाकत. आता वाकतात ती माझ्या शेजाऱ्यावर. ते गोष्टींचं पुस्तक आहे, लाल पुठ्ठ्याचं. मी त्याला लाल्या म्हणतो. मनातल्या मनात आणखीही बरंच काही म्हणतो. खरं सांगू? मी त्याच्यावर जळतो.

लाल्या सतत कुणाच्या ना कुणाच्या घरी, आणि येताना फाटून येणार. मग आमच्या ग्रंथपाल लुंबिनीताई मैद्याची खळ शिजवतात, कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकतात आणि ठिगळासाठी जुन्या रंगाचा कागद शोधतात. तो कुठे मिळणार? माझ्याकडे! आधी माझे समास गेले, मग कोरी पानं, मग कुणी बघत नाही म्हणून देश-परदेशही गेले. वर खळ वाळेपर्यंत लाल्यावर वजन म्हणून ठेवायचं तेही मलाच. सांगा, जळू नको तर काय करू?

शेवटी एकच अख्खं पान उरलं, मराठवाड्याचं. नांदेड, परभणी, गोदावरी, मांजरा, सगळं त्यावर होतं. त्या पानात माझा जीव अडकला होता.

गेल्या उन्हाळ्यात साक्षी नावाच्या मुलीनं लाल्याला घरी नेलं. तिच्या धाकट्या भावानं शेवटचं पान ओढलं आणि ते टरकन फाटलं. ताई रागावतील म्हणून तिनं ताटातली भाताची शितं लावून ते चिकटवलं आणि लाल्याला कोठीमागे दडवलं. शितांच्या वासावर झुरळं आली. पोरगी रडत वाचनालयात आली तेव्हा त्या पानाची पार चाळणी झाली होती. मला आनंद झाला, मित्रांनो. गेला एकदाचा, असं वाटलं.

"ताई, रागावू नका. म्या भिऊन दडवलं व्हतं."

"रागावतंय कोण? पण त्याच दिवशी आणलं असतंस तर बोटभर कागदात भागलं असतं. आता अख्ख्या पानाला आधार द्यावा लागंल," असं म्हणत लुंबिनीताईंनी मला उचललं आणि मराठवाडा उघडला. हातात कात्री होती. माझा आनंद तिथंच मावळला.

साक्षी डोळे पुसत वाकली. "ताई, ह्यात आपलं औसा हाय का?" तिचं बोट पानावरून फिरू लागलं. कित्येक वर्षांनी कुणाचं तरी बोट! "हाव, हाय की! चाकूरबी हाय, माझ्या मामाचं. हे नका कापू, ताई."

"मग गोष्टीचा शेवट जाईल. दोन्ही न्हाई वाचवता यायचं. तूच सांग."

साक्षीनं माझं पान उलटलं, मग लाल्याचं. "दोन्हीच्या पाठी कोऱ्या हायत. पाठीला पाठ लावा की. नकाशा भाईर दिसंल."

कात्री चाललीच. पण आता लाल्याची शेवटची गोष्ट संपली की मुलं पान उलटतात आणि आपापली गावं शोधतात. अहमदपूर, निलंगा, देगलूर. गाव सापडलं की ओरडतात, "लाल पुस्तकातला नकाशा लई भारी हाय!" लाल पुस्तकातला म्हणे!

मित्रांनो, पुस्तक फाटलं तर लपवू नका, शितंही लावू नका. त्याच दिवशी घेऊन या. तुमच्या भीतीपायी दुसऱ्या कुणाला तरी आपलं पान द्यावं लागतं.

लाल्याचा हेवा मला आता फारसा वाटत नाही. वाटतो तो माझ्याच त्या पानाचा. त्याला रोज बोटं लागतात. मला मात्र वजन म्हणून ठेवायलाही कुणी उचलत नाही, इतका मी हलका झालोय.